आजोबांच्या नावावरचे कुळागर: सत्तरीतील एका शेतकरी कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सत्तरी हा गोव्याच्या पूर्व कडेचा, सह्याद्रीला लागून असलेला तालुका. कर्नाटकातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई येथूनच गोव्यात शिरते आणि पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्राला मिळते. नदी आणि तिच्या उपनद्यांच्या काठी कुळागरे (पोफळी-माडांच्या मिश्र बागा), त्यांच्या वर काजूचे डोंगर आणि त्याहून वर जंगल, अशी या खोऱ्याची रचना आहे. काठावरची जमीन बहुधा खाजगी मालकीची असते. डोंगरावर मात्र तीन-तीन पिढ्या काजू राखणाऱ्या माणसाच्या हाती त्या जमिनीचा एकही कागद नसतो. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य घोषित झाल्यावर काही गावांत हा गुंता आणखी वाढला.

ज्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे त्याच्या संमतीने ते येथे मांडत आहोत. गावाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. प्रस्तुत लेखक २०२३ पासून या कुटुंबासोबत कागदपत्रांच्या कामात होता. घरात आजी, तिचा थोरला मुलगा आणि सून, त्यांचा मुलगा आणि मुलगी अशी पाच माणसे आहेत. आजीचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त वास्कोला स्थायिक झाला आहे, तर मुलगी डिचोली तालुक्यात दिलेली आहे. यापुढे नात्यांचे उल्लेख घरातील दोन तरुण मुलांच्या बाजूने केले आहेत, म्हणजे वडील, आई, काका, आत्या आणि आजी.

कुळागर ४,२०० चौरस मीटरचे, म्हणजे एकराहून किंचित मोठे. त्यात सुमारे साडेचारशे पोफळी, कडेने माड, मध्ये केळी, पोफळींवर चढवलेली मिरी आणि चार जायफळाची झाडे होती. वरच्या डोंगरावर दोन हेक्टरच्या आसपास काजू. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या नमुन्यावर) कुळागर आजोबांच्या नावाने लागलेले होते आणि आजोबा १९९६ मध्ये वारले होते. डोंगर सरकारी वनजमीन म्हणून नोंदलेला होता आणि त्यावर वनहक्क कायद्याखाली केलेला दावा प्रलंबित होता. या दोन्ही गोष्टी घरात सर्वांना ठाऊक होत्या, पण त्यांना कोणी अडचण मानत नव्हते, कारण सुपारी काढताना किंवा बिया वेचताना उतारा दाखवावा लागत नाही.

घरातील हिशेब आई ठेवत असे. शाळेच्या साध्या वहीत २००९ पासून सोललेल्या सुपारीचे वजन, नारळांची संख्या, पाडेल्याची (नारळ-सुपारी पाडणाऱ्याची) मजुरी, मोरचूद आणि चुन्याचा खर्च, बागायतदारांच्या सोसायटीत सुपारी घातली त्या दिवसाचा दर, असे सगळे तिने लिहून ठेवले होते. कोणत्या ओळीतील पोफळींवर कोळेरोग (पावसाळ्यातील फळगळीचा रोग) आधी उतरतो हेही त्या वहीत आहे. पावसाच्या तोंडावर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी, हा नियम पाळता आला नाही त्या वर्षी किती घड गळाले, तेही तिने टिपले आहे. वह्या चुलीवरच्या फळीवर असत. २०२३ पर्यंत तिच्याखेरीज त्या कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या.

पेच कसा निर्माण झाला

२३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा या तालुक्यांत पूर आला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. या कुळागराचा नदीकडचा खालचा टप्पा एका रात्रीत गेला. सुमारे १७० पोफळी आडव्या झाल्या, पाट गाळाने भरून गेला, पंप वाहून गेला आणि घराची मागची मातीची भिंत कोसळली. पंचनामा झाला, परंतु मदतीचा अर्ज अडला. उताऱ्यावरील माणूस हयात नसल्याने सर्व वारसांचे ना-हरकत पत्र मागण्यात आले. काकाने ते लगेच दिले. आत्याने, आपण कशाला ना-हरकत देत आहोत हे कोणीतरी घरी येऊन समजावून सांगावे, एवढेच म्हटले. वडिलांना त्याचा राग आला आणि अर्ज तसाच राहिला. मदतीची रक्कम तशी फार मोठी नव्हती, पण हाच अडथळा पुढे प्रत्येक वळणावर उभा राहणार होता आणि त्याची पहिली सूचना येथे मिळाली होती.

त्याच जुलै महिन्यात मुलीचा बारावीचा निकाल लागला. महामारीमुळे त्या वर्षी परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावले गेले होते. मुलीला कृषी पदवी करायची होती. दक्षिण गोव्यातील महाविद्यालय, वसतिगृहाचा खर्च आणि घरी नुकताच येऊन गेलेला पूर, या परिस्थितीत तिला कोणी ‘जाऊ नको’ असे म्हटले नाही. कदंबच्या बसने साखळीला जाऊन येता येईल अशा विज्ञान शाखेच्या पदवीचा अर्ज तिने स्वतःच भरला. घरात याविषयी एकदाही बोलणे झाले नाही. या प्रकरणातील पहिला मोठा निर्णय हाच होता, आणि तो कोणी घेतला असे विचारले तर आजही घरात कोणाला उत्तर देता येत नाही.

मुलगा वाणिज्य पदवीधर असून परिसरातील औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात कंत्राटी कामावर होता. त्याला सरकारी नोकरी हवी होती, किंबहुना घरातील सर्वांनाच ती त्याच्यासाठी हवी होती. गोव्याच्या ग्रामीण भागात सरकारी नोकरीला जे महत्त्व आहे ते केवळ पगारामुळे नव्हे. तिच्यामुळे लग्न जमते, बँक कर्ज देते आणि घरातील एक माणूस तरी पावसावर अवलंबून राहत नाही. २०२३ च्या सुरुवातीला ओळखीतल्या एका माणसाने आठ लाखांत लिपिकाची जागा ‘करून देण्याची’ तयारी दाखवली. जवळजवळ त्याच सुमारास एका दलालाने संपूर्ण कुळागरासाठी ३८ लाखांचा भाव सांगितला आणि डोंगराचेही पुढे बघू असे आश्वासन दिले.

हे दोन प्रस्ताव एकाच वेळी आल्यामुळे ते एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत असे घराला वाटू लागले. ३८ लाखांतून आठ लाख नोकरीला, सोन्यावरचे एक लाख साठ हजारांचे आणि पतसंस्थेचे एक लाखाचे कर्ज फेडायचे, घराची भिंत चिऱ्यांची बांधायची आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत घालायची, असा आराखडा वडिलांनी मनाशी तयार केला. मुलीचे शिक्षण त्यात नव्हते. ते मुद्दाम वगळले होते असे नव्हे; ती तर शिकतच होती, अशी त्यांची समजूत होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच विक्रीचा. दलालाला संपूर्ण तुकडाच हवा होता. नदीकाठची पट्टी वेगळी करून घ्यायला तो तयार नव्हता. कारण साधे होते. गोव्यात शेतजमिनीत फार्महाऊस बांधण्यासाठी किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र लागते, आणि ४,२०० चौरस मीटरच्या या कुळागरातून एक पट्टी जरी बाजूला काढली असती तरी ती पात्रता गेली असती. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन आले आहे. मात्र कुळागर त्या व्याख्येत बसत नसल्यामुळे, आमच्या पाहण्यात, दलालांचा मोर्चा त्यानंतर बागायतींकडे अधिक वळला.

दुसरा पर्याय होता काहीच न विकता सोन्यावर आणखी कर्ज काढून नोकरीचे पैसे भरण्याचा. तिसरा पर्याय मुलीने सुचवला. खालच्या टप्प्याला चिऱ्यांचा गडगा घालून आधी केळी लावायची आणि केळीच्या सावलीत पोफळीची रोपे धरायची. पोफळीला फळ यायला पाच ते सात वर्षे लागत असल्याने मधली वर्षे केळी, मिरी आणि काजूवर काढावी लागणार होती. डोंगरावरील जुनी, उंच वाढलेली काजूची झाडे टप्प्याटप्प्याने काढून तेथे वेंगुर्ला-४ आणि गोवा-१ या जातींची कलमे लावावी, असेही तिने सुचवले, कारण कलमांना तिसऱ्या वर्षापासून थोडेफार उत्पन्न सुरू होते. चौथा पर्याय काकाने फोनवर सांगितला होता: विक्री करा, पण पैसे नोकरीत घालू नका, वाळपईत दुकानाचा गाळा घ्या.

हे चारही पर्याय ज्या गृहीतावर उभे होते ते चुकीचे होते. कुळागर वडिलांचे आहे असे सर्वजण धरून चालले होते. गोव्यात वारसाहक्काला पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि तिचेच वारसाविषयक नियम आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आहेत. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे आजोबा वारले तेव्हा कुळागराचा अर्धा भाग आधीपासूनच आजीचा होता. वारसांकडे गेला तो उरलेला अर्धा, आणि तो मुलगा-मुलगी असा भेद न करता तीन मुलांत समान वाटला गेला. म्हणजे प्रत्येकाकडे एक षष्ठांश. वडिलांच्या त्या षष्ठांशातही आई निम्म्याची भागीदार.

३८ लाखांचा षष्ठांश म्हणजे ६ लाख ३३ हजार. घरातील सगळे आराखडे ज्या रकमेवर बेतले होते ती रक्कम वडिलांची नव्हतीच. जी होती तिच्यातून नोकरीचे आठ लाखही भागत नव्हते. शिवाय स्थावर मालमत्ता विकायची तर प्रत्येक वारसाची आणि त्याच्या जोडीदाराची सही लागते, आणि एखाद्याला केवळ आपला हिस्सा परक्याला द्यायचा असेल तर आधी इतर हिस्सेदारांना विचारावे लागते. डोंगराबाबत तर दलालाने दिलेले आश्वासन मुळातच पोकळ होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा मंजूर झाला तरी मिळणारा हक्क वारसाने पुढे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्याच कायद्यानुसार हा हक्क विवाहित दावेदाराच्या बाबतीत पती आणि पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. दाव्याचा अर्ज काढून पाहिला तेव्हा त्यावर आईचे नाव नव्हते.

काय केले गेले

पहिले पाऊल दुर्दैवाने चुकीच्या दिशेला पडले. कागदांची चौकशी सुरू होण्याआधीच, एप्रिल २०२३ मध्ये, आईची पाटली गहाण ठेवून मध्यस्थाला पन्नास हजार रुपये ‘विश्वासापुरते’ देण्यात आले. मुलाला हे मनातून पटले नव्हते, असे तो आता सांगतो, आणि त्यावर विश्वास ठेवायला जागा आहे, कारण त्याच महिन्यात त्याने कर्मचारी निवड आयोगाच्या संगणकीय परीक्षेची तयारीही सुरू केली होती. पैसे देऊन जागा मिळणार याची खात्री असलेला माणूस तसे करत नाही.

दलालाने बयाणा देण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून कागद तपासून घेतले आणि वकिलाने आत्याच्या सहीचा मुद्दा काढला. आत्याचे उत्तर दोन वर्षांपूर्वीचेच होते: समजावून सांगा, मग सही करते. यावेळी तिने आणखी एक वाक्य जोडले. ‘दादा, मला पैसे नकोत, पण आईला विचारलंत का?’ आजीला कोणी विचारले नव्हते.

२०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला होती. सत्तरीतील बहुतेक घरांप्रमाणे याही कुटुंबाचा गणपती मूळ घरातच बसतो, आणि काका-आत्यांची कुटुंबे त्या दिवसांत तेथेच असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणे झाल्यावर, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालीच बसून बोलणी झाली. वडिलांनी विक्रीचा प्रस्ताव मांडला. काकाने पाठिंबा दिला. त्यानंतर मुलीने आईच्या वह्या आणून त्यातील आकडे वाचायला सुरुवात केली. पुरापूर्वीच्या चांगल्या वर्षांत कुळागराचे एकूण उत्पन्न दोन लाखांच्या आसपास आणि खर्च ऐंशी हजारांच्या घरात होता; २०२२ मध्ये उत्पन्न ९५ हजारांवर आले होते; काजूच्या बिया विकून आणि बोंडू भाटीला (दारूच्या भट्टीला) देऊन साधारण एक लाख मिळत होते. हे आकडे ऐकून काकाने विचारले की वर्षाला लाख-सव्वालाख देणारी जमीन ३८ लाखांना विकण्यात तोटा कोणता. प्रश्न रास्त होता, कारण त्या रकमेच्या ठेवीवरील व्याज कुळागराच्या निव्वळ उत्पन्नाहून सहज जास्त झाले असते.

त्याला उत्तर मुलीने दिले नाही, आजीने दिले. तिने विचारले, ‘अडतीसातले माझे किती?’ हिशेब करून एकोणीस लाख असे सांगितल्यावर ती म्हणाली की मग माझे मला राहू द्या, मी कुळागरातच राहते. वाटपही आता नको. पण कागदावर ज्यांची ज्यांची नावे यायला हवीत ती येऊ द्या. त्या बैठकीत विक्रीचा विषय मागे पडला तो भावनेपेक्षा या साध्या कारणाने: निम्म्या हिश्श्याची मालकीण विकायला तयार नव्हती आणि तिला डावलण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग नव्हता.

पुढची कामे मंद गतीने, पण क्रमाने झाली. विशेष नोटरीपुढे वारसाहक्काचा विलेख, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, करण्यात आला. त्यानंतर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी घालण्यात आली, म्हणजे मृत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटून देण्याची प्रक्रिया. या प्रक्रियेत वारसांचे एकमत नसेल तर आपसात बोली लावण्याची सोय असते आणि ज्याच्याकडे मालमत्ता जाते त्याने इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम द्यायची असते. येथे बोलीची वेळ आली नाही. सहमतीने कुळागराचे मूल्य १८ लाख धरण्यात आले. काकाने आपला षष्ठांश तीन लाखांच्या बदल्यात वडील आणि आई यांच्या बाजूने सोडला आणि ती रक्कम २०२७ पर्यंत हप्त्यांनी द्यायचे ठरले. आत्याने रक्कम नाकारून आपले नाव उताऱ्यावर लावून घेतले. आजीचा अर्धा भाग आजीच्या नावे लागला. वनहक्काच्या दाव्यात आईचे नाव समाविष्ट करण्यासाठी वनहक्क समितीकडे स्वतंत्र अर्ज देण्यात आला.

शेतीच्या बाजूने मुलीचा आराखडा बराचसा स्वीकारला गेला, परंतु संपूर्ण नव्हे. गडगा अर्ध्या लांबीचाच झाला. काजूची जुनी झाडे काढण्यास वडिलांनी नकार दिला आणि त्यांचे कारण विचार करण्याजोगे होते: दावा प्रलंबित असताना वनजमिनीवरील झाडांना कुऱ्हाड लावली तर तेच कारण दाखवून दावा फेटाळला जाऊ शकतो. त्यामुळे कलमे फक्त मोकळ्या जागांत लावण्यात आली.

परिणाम

मध्यस्थाला दिलेले पन्नास हजार परत आले नाहीत. २०२४ च्या उत्तरार्धात सरकारी नोकरीच्या आमिषाने लोकांना फसवल्याची प्रकरणे गोव्यात एकापाठोपाठ पोलिसांत नोंदली गेली आणि वर्तमानपत्रांत रोज त्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा तक्रार करावी की नाही यावर घरात बोलणे झाले. तक्रार करण्यात आली नाही. पैसे देणारा स्वतःही दोषी ठरू शकतो ही एक भीती होती. गावात नाव होईल ही दुसरी, आणि आमच्या अंदाजाने तीच मोठी होती. मुलाने आयोगाची परीक्षा दिली, त्याची निवड झाली नाही. तो अजून कारखान्यातच आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र तो कार्बन फायबरच्या लांब काठीने पोफळीवर फवारणी करतो आणि हे काम त्याला शेजारच्या तीन-चार कुळागरांतूनही मिळते, कारण पोफळीवर चढणारी माणसे आता खोऱ्यात फार थोडी उरली आहेत.

मुलीने विज्ञान पदवी पूर्ण केली. कृषी पदवीची वाट तिच्यासाठी बंद झाली होती, म्हणून तिने वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठात प्रवेश घेतला. खर्चाचा मोठा भाग या वेळी उघडपणे घरच्या हिशेबात मांडण्यात आला. आईच्या वहीत २०२४ पासून तिच्या नावाचे वेगळे पान आहे आणि त्यात बसभाड्यापासून खानावळीपर्यंत सगळे लिहिलेले असते. २०२१ मध्ये हे पान असते तर काय झाले असते, या प्रश्नावर आई आणि मुलगी यांची मते वेगळी आहेत. आई म्हणते पैसे तेव्हाही जमले असते. मुलगी म्हणते जमले नसते, पण तसे तिला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

कुळागर अद्याप पूर्वपदावर आलेले नाही. केळी चांगली आली, नव्या पोफळी तग धरून आहेत. जुन्या पोफळींवरची मिरी पुराच्या गाळामुळे मर लागून बरीच गेली. माकडे आणि गवे यांचा उपद्रव वाढला आहे आणि त्यावर कोणाकडे उपाय नाही. सोन्यावरील कर्ज निम्मे फिटले आहे. वनहक्काचा दावा प्रलंबितच आहे.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळे करता आले असते

या प्रकरणाकडे ‘विकावे की राखावे’ असा पेच म्हणून पाहणे सोपे आहे, आणि कुटुंबही तसेच पाहत होते. आमचे मत वेगळे आहे. उतारा मृत माणसाच्या नावावर राहिल्यामुळे कुळागर व्यवहारात घरातल्या थोरल्या पुरुषाचे झाले होते, आणि त्यामुळे कोणाच्या स्वप्नाला आधी पैसा लावायचा हा निर्णयही कोणी न विचारता त्याच्याकडे गेला होता. वडील कठोर नाहीत. मुलीला शिकवू नये असे त्यांना कधीही वाटले नाही. पण नोकरीसाठी आठ लाख हा खर्च त्यांना ‘घराचा’ वाटला आणि वसतिगृहाचे वर्षाचे भाडे ‘तिचे’ वाटले. वारसांची नावे लिहावी लागली तेव्हा आजी, आत्या आणि आई या तिघींना बोलण्याचे स्थान मिळाले. त्यांपैकी एकीनेही स्वतःसाठी पैसे मागितले नाहीत. पैसा कशाला लावला जात आहे, एवढेच त्यांनी विचारले.

वारसाहक्काचा विलेख १९९६ नंतर कधीही करता आला असता. आजोबा वारले तेव्हा हिस्सेदार चार आणि सर्व जवळपास होते. खर्च आणि खटपट दोन्ही कमी लागली असती. पुराची मदत अडली तेव्हा तरी हे काम हाती घ्यायला हवे होते. त्या वेळी आत्याच्या प्रश्नाचा राग मानण्याऐवजी कोणी डिचोलीला जाऊन आले असते, तर २०२१ ची मदतही मिळाली असती आणि दलाल दारात आला तेव्हा घराला आपला खरा हिस्सा आधीच ठाऊक असता.

पन्नास हजारांबाबत वेगळे काय करता आले असते हे सांगणे फार अवघड नाही: निवड आयोगाचा कायदा २०१९ चा आहे आणि भरतीची रीत बदलत आहे, हे मुलाला माहीत होते. त्याने ते घरात बोलून दाखवले नाही, कारण पैसे नाकारणे म्हणजे घरच्यांची आशा नाकारणे असे त्याला वाटले. अशा घरांना सल्ला देणाऱ्यांनी तरुण मुलाशी वडिलांच्या उपस्थितीत नव्हे, तर एकट्याने बोलावे, असे आम्ही आता सुचवतो.

मुलीच्या बाबतीत निर्णयाची जागा म्हणजे २०२१ चा प्रवेशाचा महिना. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाची योजना तेव्हाही होती. तिची चौकशी झाली नाही, कारण मुलीने मागणीच केली नाही, आणि मागणी न करणे हा तिचा समजूतदारपणा मानला गेला. पूर आलेल्या घरात मुलीकडून अशा समजूतदारपणाची अपेक्षा न बोलता केली जाते, आणि नेमके तेव्हाच शाळेतील एखाद्या शिक्षकाने किंवा नातेवाइकाने घरी येऊन तो विषय काढणे आवश्यक असते.

राहिला काका. बाकी सर्वांची बाजू ऐकून घेतली गेली, पण त्याची गेली नाही. दलालाने सांगितलेल्या किमतीने त्याच्या वाट्याला ६ लाख ३३ हजार आले असते. सहमतीच्या मूल्याने तीन लाख मिळत आहेत, तेही हप्त्यांनी. वास्कोतील सदनिकेचे कर्ज त्याला या पैशातून हलके करायचे होते, हे चवथीच्या त्या बैठकीत त्याने सांगितले नाही आणि त्याला कोणी विचारलेही नाही. विक्रीला पाठिंबा देणारा, म्हणजे मातीपासून तुटलेला, अशी त्याची बाजू सर्वांनी गृहीत धरली. पुढील दहा वर्षांत कुळागर विकले गेले तर वाढीव किमतीतील आपला भाग आपल्याला मिळावा, अशी अट सहमतीच्या मसुद्यात घालण्याची त्याने मागणी केली होती. अविश्वास दाखवला जात आहे असे म्हणून वडिलांनी ती नाकारली. आमच्या मते ती मान्य करायला हवी होती, कारण कुळागर राखण्यासाठी सर्वांत जास्त रोख रक्कम त्यानेच सोडली आहे. शेवटचा हप्ता २०२७ मध्ये आहे. तोपर्यंत सर्व हिस्सेदारांच्या सहीने तसा पुरवणी करार करणे शक्य आहे आणि त्याचा मसुदा काकाला व वडिलांना दोघांनाही देण्यात आला आहे.